आयुष्यभराची चेन, तारखेचा बेल्ट

मामांचं गॅरेज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. भाची पुण्यात, इंजिनांच्या डिझाइनचं काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हणून तिने दोन गाड्या हेरल्या होत्या: एक 2014 ची स्विफ्ट आणि दुसरी त्याच सुमाराची डस्टर. भाव जवळपास सारखा, मीटर दोन्हींचा लाखाच्या पुढे. तिच्या दृष्टीने फरक एकच होता. स्विफ्टच्या इंजिनात टायमिंग चेन, डस्टरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट. मनातून ठरवून झालं होतं, मामांनी मान डोलावली की बयाणा द्यायचा.

"चेनवालीच घेते," ती म्हणाली. "बेल्ट बदलायची कटकट नको."

"बेल्टवाली घे," मामा म्हणाले.

वर्षानुवर्षं हाताने इंजिनं उघडणारा माणूस रबराच्या बाजूने आणि शिकलेली इंजिनिअर पोलादाच्या बाजूने, ही वाटणी ऐकणाऱ्याला उलटी वाटेल. बाजारातला समज तर सरळ आहे: चेन म्हणजे कायमची, बेल्ट म्हणजे कधीतरी तुटणारा. जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'चेन इंजिन' हे शब्द गुण म्हणून छापले जातात. मामांना हा समज घातक वाटतो, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं असं आहे.

आधी या भागाचं काम. इंजिनाच्या तळाशी क्रँक फिरतो, पिस्टन वरखाली नेतो. डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, कॅम फिरतो आणि वॉल्व्ह उघडतो, मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. हे प्रमाण आणि त्यातली नेमकी जागा क्षणभरही चुकून चालत नाही. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या आणि हेडच्या मध्ये मिलिमीटरभर जागा उरते. अशा वेळी वॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. क्रँक आणि कॅम यांना जोडून ठेवणारा दुवा म्हणजे ही चेन किंवा हा बेल्ट. तो तुटला किंवा दोन-चार दाते सरकला की वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडतं, आणि हेड उतरवण्यावाचून मार्ग राहत नाही.

"म्हणूनच म्हणते," भाची म्हणाली. "एवढं महत्त्वाचं काम रबरावर कशाला सोपवायचं? पोलादाची चेन उष्णतेला दाद देत नाही, धुळीला देत नाही. नव्या गाड्यांकडेच बघा ना. मारुतीने अल्टोच्या जुन्या इंजिनातला बेल्ट के-सिरीजमध्ये सोडला आणि चेन घेतली. टोयोटाच्या जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलला बेल्ट होता, 2016 ला क्रिस्टा आली ती चेन घेऊन. या लोकांना कळत नसेल?"

"कळतं की. पण त्यांना काय कळतं ते वेगळं, आणि तुझ्या खिशाला काय कळायला हवं ते वेगळं. क्रिस्टाचं बोलतेस, तर जुन्या इनोव्हाचंही ऐक. ठरलेले किलोमीटर भरले की तिच्या डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. ड्रायव्हर शिकलेला असो नसो, दिवा बघून गॅरेजला येतोच. चेनवाल्या गाडीत असा दिवा दाखव मला."

खरं तर भारतात चेन नवी नाही, बेल्टच्या आधीपासूनची आहे. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत चेन होती, अ‍ॅम्बॅसडरमध्येही होती. त्या इंजिनांचा कॅम खाली, ब्लॉकमध्येच, क्रँकच्या शेजारी असे. त्यामुळे चेन आखूड, जाड आणि निर्धास्त. पुढे कॅम हेडवर चढला, अंतर वाढलं, चेन लांबली. लांब चेनला आवाज जास्त, वजन जास्त, तेल लागतं ते वेगळंच. तेव्हा दातेरी बेल्टचा विचार सुरू झाला. असा बेल्ट अमेरिकेत 1940 च्या दशकात शिलाई मशीनसाठी घडला होता, सुई आणि खालची बॉबिन एका तालात राहावी म्हणून. मोटारीच्या कॅमला तो मोठ्या उत्पादनात पहिल्यांदा लावला बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंग गावच्या ग्लास या छोट्या कंपनीने, 1962 च्या ग्लास 1004 या गाडीत. चार वर्षांनी फियाटने ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या ट्विनकॅम इंजिनात तो घेतला आणि बेल्ट रूढ झाला. आपल्या रस्त्यांवर तो घरोघरी पोचला मारुती 800 बरोबर, 1983 पासून. मग 1998 ला पिंपरीतून निघालेली टाटा इंडिका, सँट्रो, अ‍ॅक्सेंट. एका अख्ख्या पिढीने गाडी चालवायला शिकता शिकताच 'बेल्ट वेळेवर बदल' हे वाक्य ऐकलं.

बेल्टचं रबर म्हणजे सायकलच्या ट्यूबचं रबर नव्हे. आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात, ताण त्या घेतात. दात्यांवर नायलॉनचं कापड असतं. वरचं रबर पूर्वी निओप्रिन होतं. आता उष्णता जास्त सोसणारं हायड्रोजनेटेड नायट्राइल असतं. त्यामुळे आयुष्य खूप वाढलं. गाडीगाडीप्रमाणे कंपन्या साधारण 60 हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंतची मुदत देतात, आणि सोबत वर्षांचीही देतात. वर्षांची मुदत लोक वाचत नाहीत. आठ वर्षांत तीसच हजार चाललेल्या गाडीचाही बेल्ट म्हातारा झालेला असतो, कारण रबर उभ्या उभ्याही कडक होतं.

"झालं ना मग," भाची म्हणाली. "मुदत आली की खर्च. मुदत विसरलं की इंजिन गेलं. आणि बेल्ट तुटताना आवाजही करत नाही. चेन निदान खडखडते, सांगते."

"सांगते, पण कोणाला? डिझेलच्या आवाजात सकाळच्या दोन सेकंदांची खडखड मालकाला ऐकू येते होय? मला येते. पण माझ्याकडे गाडी येते तेव्हा दुपार असते आणि इंजिन गरम असतं."

त्या दोन सेकंदांतच चेनची सगळी कथा आहे. चेन सैल पडू नये म्हणून तिच्या पाठीवर एक पट्टी दाबून धरलेली असते आणि त्या पट्टीला रेटणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं तेल उतरतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर दाब यायला क्षण-दोन क्षण लागतात, तेवढा वेळ झिजलेली चेन मोकळी हेलकावते आणि प्लास्टिकच्या गाइडवर आपटते. नव्या चेनमध्ये हे जाणवत नाही. झिजलेल्या चेनमध्ये स्पष्ट ऐकू येतं.

चेन झिजते म्हणजे पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक कडीच्या पिनेत आणि बुशात सूक्ष्म झीज होते, जुन्या सायकलच्या चेनमध्ये होते तशीच. दीडशे कड्यांची चेन धरली आणि एकेका सांध्यात मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा झीज धरली, तरी पूर्ण चेन दीड मिलिमीटरने लांबते. तेवढ्याने कॅम क्रँकच्या मागे पडतो, टेन्शनरचा दांडा त्याच्या हद्दीपर्यंत बाहेर येतो आणि त्यापुढची झीज सावरायला कोणी उरत नाही. या सांध्यांत जाणारं एकमेव औषध म्हणजे तेल. डिझेलच्या तेलात काजळी असते आणि काजळी घासते. तेल वेळेवर बदललं तर झीज नगण्य राहते. दहा हजारांच्या जागी वीस हजारांवर तेल बदललं, किंवा गल्लीतून भलत्याच ग्रेडचं भरलं, तर तीच चेन निम्म्या वयात म्हातारी होते.

"तू बघतेस त्या स्विफ्टचं इंजिन कोणतं?" मामांनी विचारलं.

"फियाटचं 1.3 मल्टिजेट. 1248 सीसी."

"अख्ख्या देशाने चालवलेलं इंजिन. मारुतीने घेतलं, टाटाने घेतलं, आपल्या रांजणगावातही ते होत होतं. चांगलंच इंजिन आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याच्या पोटात तेल किती मावतं? तीन लिटरच्या आसपास. एवढ्याशा तेलावर टर्बो, बेअरिंग, चेन सगळं जगतं. थोडं तेल जळलं, मालकाने कांडी काढून बघितलीच नाही, तर पहिला भार टेन्शनरवर. आता मला सांग, या गाडीचे आधीचे मालक किती?"

"दोन."

"दोघांनी तेल कधी कधी बदललं, ते तुला माहीत आहे?"

भाचीला माहीत नव्हतं. मामांचा मुद्दा इथे येऊन टेकतो. बेल्ट बाहेर, कोरडा, कव्हरखाली बसतो. कव्हरचे स्क्रू काढले की दिसतो, तडे गेलेत का कळतं, तेल गळून भिजलाय का कळतं. बदलला तर बिल असतं. चेनची प्रकृती मात्र आधीच्या मालकांच्या सवयींवर ठरते, आणि त्या सवयी गाडी विकत घेताना दिसत नाहीत.

भाची इथे गप्प बसणारी नव्हती. तिचा पुढचा मुद्दा या वादातला सगळ्यात वजनदार होता, आणि मामांकडे त्याला तयार उत्तर नव्हतं.

"मामा, तुमच्याकडे मोडलेल्याच गाड्या येतात. न मोडलेल्या चेन तुम्हाला कशा दिसणार? तीन लाख किलोमीटर चाललेल्या टॅक्सी आहेत त्याच चेनवर. त्या कधी उद्यमनगरात चेनसाठी आल्याच नाहीत. बेल्टवाली गाडी मात्र चांगली असो, वाईट असो, मुदत आली की येणारच. तुमच्या डोळ्यांसमोर बेल्टची सगळी कुंडली असते आणि चेनची फक्त आजारपणं."

मामांनी थोडा वेळ घेतला. "हे खरं आहे," ते म्हणाले. "टॅक्सीवाल्यांची चेन टिकते, मान्य. पण ती का टिकते? दिवसभर इंजिन गरम, लांब पल्ला, आणि तेल ठरल्या दिवशी. त्यांचं पोट त्यावर असतं. घरची गाडी दोन किलोमीटर बाजारात जाते, गार असतानाच बंद होते. चेन तीच असली तरी तिचं जगणं वेगळं."

मोठ्या कंपन्यांच्या हातूनही चेन फसली आहे, हे इथे नोंदवायला हवं, नाहीतर सगळा दोष मालकाच्या माथी जाईल. बीएमडब्ल्यूच्या एन47 या दोन लिटर डिझेलमध्ये चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली होती. 2007 नंतरच्या काही वर्षांतल्या त्या इंजिनांच्या चेन अकाली झिजल्या, तुटल्या, आणि तिथवर हात पोचवायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागे. फोक्सवॅगन समूहाच्या पेट्रोल इंजिनांत चेनच्या टेन्शनरने दगा दिला. ते प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलं आणि 2018 मध्ये तडजोडीने मिटलं. त्याच समूहाने दरम्यान छोट्या पेट्रोल इंजिनांची ईए211 ही नवी मालिका आणली, तेव्हा चेन सोडून बेल्ट घेतला. चाकणला तयार होणारं 1.0 टीएसआय याच मालिकेतलं. त्यात कॅमवरची दातेरी पुली पूर्ण गोल नाही, मुद्दाम किंचित वेडीवाकडी घडवली आहे, म्हणजे वॉल्व्ह उघडताना बसणारे झटके ती स्वतःच अर्धेमुर्धे फेडते आणि बेल्टवर ताण कमी येतो. पोलाद सोडून रबराकडे परतणं ही काही मागासलेली गोष्ट नाही, याचा एवढा पुरावा पुरे.

"पण बेल्टनेही कमी घोळ घातला नाही," भाची म्हणाली आणि फोर्डचं नाव घेतलं.

1.0 इकोबूस्ट हे तीन सिलिंडरचं इंजिन 2012 मध्ये युरोपात आलं आणि वर्षभरात इकोस्पोर्टमधून भारतातही. त्यात बेल्ट कोरडा नव्हता, इंजिनाच्या तेलातच भिजत फिरणारा होता. उद्देश चांगला होता: घर्षण कमी, आवाज कमी, जागा कमी. फ्रान्समध्ये पेजो-सिट्रोएनच्या 1.2 प्युअरटेकने हाच मार्ग धरला. त्या इंजिनाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळत होते आणि आत बेल्ट सुटत होता. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या या इंजिनांत, थंडीतल्या छोट्या फेऱ्यांत, थोडं पेट्रोल तेलात उतरतं. पेट्रोलमिश्रित तेलाने बेल्टचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि तेल खेचणाऱ्या जाळीत अडकतात. मग तेलाचा दाब पडतो आणि टर्बो, बेअरिंग सगळंच धोक्यात येतं. बेल्ट फुगलाय का हे पाहायला तिथल्या वर्कशॉपमध्ये तेल भरायच्या तोंडातून माप घालून बेल्टची रुंदी मोजतात. शेवटी पेजो-सिट्रोएनच्या मूळ समूहाने, म्हणजे स्टेलँटिसने, 2024 मध्ये प्युअरटेक इंजिनांची जबाबदारी दहा वर्षं किंवा 1 लाख 75 हजार किलोमीटरपर्यंत वाढवली, आणि नव्या आवृत्तीत चेन आली. फोर्डनेही पुढच्या आवृत्त्यांत कॅमसाठी चेन घेतली.

"हा बेल्ट मला नकोच," मामा म्हणाले. "बेल्टचा एकच गुण होता, तो मला दिसायचा. तेलात बुडवला की तो गुण गेला. चेनचा रोग रबराला लावला बघ त्यांनी."

इथे वाद 'पोलाद की रबर' यावरून सरकला. भाचीच्याही ते लक्षात आलं. तेलात राहणारा भाग चेन असो वा बेल्ट, तेलाच्या निगेवर जगतो आणि नजरेआड मरतो. कोरडा भाग तारखेवर जगतो आणि तपासता येतो.

मग ती तिच्या कामातलं बोलली, आणि मामांना हे नवं होतं. "चेन किती झिजली हे गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, माहीत असतं, मामा. क्रँकचा सेन्सर वेगळा, कॅमचा वेगळा. दोघांमधला कोन किती अंशांनी सरकला ते सतत मोजलं जातं. हद्द ओलांडली की कोड येतो, पी0016. पण हद्दीच्या आत किती सरकलाय, हा आकडा बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर वाचता येतो. डॅशबोर्डवर मात्र तो कोणी दाखवत नाही."

"का नाही?"

या प्रश्नाला तिच्याकडे तांत्रिक उत्तर नव्हतं, कारण ते तांत्रिक नाहीच. मेंटेनन्सच्या तक्त्यात चेन बदलण्याची ओळ नसली की नवी गाडी कागदावर स्वस्त दिसते. पहिल्या मालकाच्या पाच-सात वर्षांत ती ओळ सहसा लागतही नाही. लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला, आणि त्याने कंपनीकडून काही विकत घेतलेलंच नसतं. आपल्याकडे जुन्या गाड्यांचा बाजार एवढा मोठा आहे की हा तिसरा मालक म्हणजे अपवाद नव्हे. तो पगारातून हप्ते फेडणारा, पहिलीच गाडी घेणारा माणूस असतो. इनोव्हाच्या दिव्याइतकी साधी सोय चेनलाही देता येते. मोजणारे सेन्सर गाडीत आधीपासून बसलेले असताना ती न देणं समर्थनीय वाटत नाही.

"बरं, मग डस्टरच घेऊ?" तिने विचारलं.

"तसं मी म्हटलेलं नाही. डस्टरचा बेल्ट कधी बदलला?"

"मालक म्हणतो, ऐंशी हजारांना बदललाय."

"बिल?"

"ते बघते म्हणाला."

"बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं. आणि बिल असलं तर त्यावर काय काय आहे ते वाच. नुसता बेल्ट टाकला असेल तर काम अर्धं आहे. त्या दीड लिटर डिझेलमध्ये वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, डिझेलचा हाय प्रेशर पंपही त्यावरच. जुना टेन्शनर किंवा जुना वॉटर पंप जाम झाला तर नवा कोरा बेल्ट पण तुटतो. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, तिन्ही एकदम. कॅमचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही. आणि टायमिंग लावताना लॉकिंग पिना लावूनच. पेनाने खूण करून अंदाजाने बसवणारे आहेत. एक दाता इकडे तिकडे झाला तर गाडी चालते, पण ओढत नाही, धूर मारते."

"आणि बिल नसेल तर पूर्ण किटचा खर्च भावातून कापायचा."

"कापायचा, आणि गाडी हायवेला काढायच्या आधी काम करून घ्यायचं. बेल्ट वाटेत गेलाच तर एक ध्यानात ठेव. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतो, कारण कॉम्प्रेशन गेलेलं असतं. तसं जाणवलं की परत परत सेल्फ मारायचा नाही. वाचलेले वॉल्व्ह त्याने वाकतात."

भाचीने स्विफ्टची यादी स्वतःच केली. तेलाची बिलं, निदान मागच्या तीन वर्षांची. स्कॅनर लावून साठलेले कोड, आणि नुकतेच पुसलेत का तेही. तेल भरायचं झाकण उघडून आत काळा गाळ साठलाय का. आणि सगळ्यात आधी गार इंजिनाची पहिली सुरुवात, बोनेट उघडं ठेवून, कान चेनच्या बाजूला देऊन. खडखड दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकली तर चेन, टेन्शनर, गाइड असं सगळं काम धरायचं. त्याला पुढचं कव्हर काढावं लागतं, सीलंट नव्याने लावावं लागतं, आणि मजुरी बेल्टच्या कामापेक्षा बरीच जास्त होते.

"फोन लाव त्याला," मामा म्हणाले. "इथूनच लाव."

तिने स्विफ्टवाल्याला फोन लावला आणि उद्या सकाळी साडेसातला येते म्हणून सांगितलं. पलीकडून माणूस अगत्याने म्हणाला, या की मॅडम, मी गाडी गरम करून तयार ठेवतो.

"नको," ती म्हणाली. "रात्रीपासून बंदच राहू दे. मी आल्यावर चालू करू. आणि दादा, तेल बदलल्याची बिलं काढून ठेवा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, बिलं शोधतो. मामांनी बोटाने पुढचा नंबर लावायची खूण केली; डस्टरवाल्याकडून अजून वॉटर पंपाचं बिल मागायचं होतं.